लाल वाइनच्या गावची पांढरी

बाबा,

त्या बाटलीवर तुमचा पहिल्या दिवसापासून संशय होता. मी ती ऑफिसातून घेऊन आले तेव्हा तुम्ही वेस्ट विंडसरच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये सोफ्यावर शाल घेऊन बसला होतात. आई गेल्यानंतरची तुमची ती अमेरिकेची पहिलीच फेरी होती, सहा महिन्यांची. दोन हजार तीनचा डिसेंबर. मी बाटली टेबलावर ठेवली आणि भीत भीतच म्हटलं, मॅनेजरनं ख्रिसमसचं गिफ्ट दिलंय, नाही म्हणता येत नाही. मला वाटलं, आता दारूवरून तासभर ऐकावं लागणार. पण तुम्ही उठलात, चष्मा कपाळावर सरकवलात, बाटली ट्यूबलाइटसमोर धरलीत आणि लेबलवरचं एकेक अक्षर लावत बसलात. सांगलीच्या सरकारी प्रयोगशाळेत एकतीस वर्षं दूध, तेल, हळद आणि चहाचे नमुने तपासलेला माणूस तुम्ही. तुमच्या हातात काहीही आलं की ते आधी आरोपी असायचं, मग वस्तू.

मी तुम्हाला सांगितलं, ही शातोनफ आहे, फ्रान्समधल्या एका जुन्या गावची, फार नावाजलेली. तुम्ही दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन चालत पब्लिक लायब्ररीत गेलात. तिथल्या बाईंनी तुम्हाला वाइनचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकते न टाकते तोच तुम्ही म्हणालात, "फसवलंय तुला. ते गाव लाल वाइनचं आहे. शेकडो वर्षं लाल. मग ही पिवळी कुठून आली? कोळशातून गाळून रंग काढला असणार. गुळाची साखर करतात तशी." मी म्हटलं, "बाबा, तुम्ही फ्रान्सवर खटला भरणार आहात का?" तुम्ही हसला नाहीत. तासगावची द्राक्षं आणि बेदाणे तुम्ही आयुष्यभर पाहिलेले. लाल वाइनवर ज्याचं नाव झालं त्या गावानं चांगली जमीन अडवून पांढरी द्राक्षं कशाला लावावीत, हे तुमच्या डोक्यात बसेना.

खरं सांगायचं तर संशय मलाही होता, पण वेगळा. बाकीच्या टीमला बिस्किटांचे पत्र्याचे डबे मिळाले होते आणि मला एकटीला ही बाटली. मी एका औषध कंपनीत क्वालिटीच्या कागदपत्रांचं काम करत होते. माझ्या ग्रीन कार्डच्या अर्जावर त्याच मॅनेजरची सही लागायची होती. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमधली नागपूरची मैत्रीण म्हणाली, "यार, हे कन्सोलेशन प्राइज तर नाही ना? जानेवारीत लेऑफ्स आहेत म्हणे." झालं, शंकेची पाल चुकचुकायला लागली. तुमच्या जावयाची नोकरी सप्टेंबरातच गेली होती. त्याचा व्हिसा बदलून तो माझा डिपेंडंट झाला होता. घरात पगार एक, व्हिसा एक, आणि तो माझ्या नावावर. मी गेले तर दोघंही विमानात. शनिवारी आम्ही दोघं रूट वनवरच्या वाइनच्या दुकानात ती बाटली घेऊन गेलो. दुकानदार म्हातारा होता. त्यानं ती दोन्ही हातांत घेतली आणि म्हणाला, ह्या गावची लाल माझ्याकडे पेट्यांनी येते, पांढरी मला वर्षाकाठी एखादी दिसते. उघडू नका, आडवी ठेवा, चार-पाच वर्षांनी तिला मधासारखा वास येईल. गाडीत बसल्यावर तुमचा जावई म्हणाला, "ग्रीन कार्ड आलं की फोडू." मी ती कोटांच्या कपाटात, बुटांच्या मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळून आडवी ठेवली.

तुम्ही मात्र लायब्ररी सोडली नाहीत. आठवड्याभरानं तुम्ही मला जेवताना थांबवलंत आणि अगदी साक्ष दिल्यासारखे म्हणालात, "माझं चुकलं. खरी असू शकते." त्या गावात लाल द्राक्षांच्या मळ्यांतच थोडे वेल पांढऱ्या द्राक्षांचे असतात, त्यांची वाइन फार थोडी निघते आणि बरीचशी जवळपासच संपते, म्हणून कुणाला माहीत नसते. आणि दुसरं, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. त्या गावाच्या नावानं वाटेल ती दारू विकली जायला लागली तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच बसून नियम केले, कुठली जमीन, कुठली द्राक्षं, किती पिकवायची, सगळं. "सरकारनं नाही गं, शेतकऱ्यांनी. भेसळ होऊ नये म्हणून!" दारूच्या थेंबाला कधी न शिवलेला माणूस एका दारूच्या गावावर इतका खूश झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. तुम्ही कपाटातून बाटली काढून पुन्हा उजेडात धरलीत आणि हलकेच टॉवेलात गुंडाळून ठेवलीत.

भेसळ हा शब्द आपल्या घरात शिवीसारखा होता. मी नऊ-दहा वर्षांची असेन. आईनं खिरीसाठी राखून ठेवलेलं दूध मी चोरून प्यायले, जवळजवळ पेलाभर. आणि पातेलं तेवढंच दिसावं म्हणून वर पाणी ओतलं. तुम्ही ऑफिसातून आलात, चहाला दूध ओतताना थबकलात, आणि ती काचेची नळी काढलीत, दुधात सोडायची. नळी नको तितकी खोल बुडते आहे. तुम्ही माझ्याकडे बघताय. मला वाटतंय आता पाठीत धपाटा बसणार, पण तुम्ही टेबलाशी बसवून माझ्याकडून अहवाल लिहून घेताय. नमुना, गाईचं दूध. तपासणी, पाणी मिसळलेलं. मिसळणाऱ्याचं नाव, माझं. खाली सही. आणि मग तुम्ही म्हणालात, "चोरी एक वेळ माफ करीन, भेसळ नाही. चोरानं वस्तू नेली हे कळतं तरी. भेसळवाला नेतो आणि वर आपल्याला वाटायला लावतो की सगळं जागच्या जागी आहे." मी रडत होते. आई म्हणाली, पोरीला कशाला कोर्टात उभी करता. तुम्ही तो कागद फाईलला लावलात. खरोखर लावलात.

तर अशा बापाची मी मुलगी, आणि त्या हिवाळ्यात माझ्या नाकासमोर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. किंवा दिसत होतं आणि मी दुसरीकडे बघत होते. तुमच्या जावयाच्या खिशात सारखी पुदिन्याची च्युइंगगम. जेवणाआधीच मूठभर बडीशेप. रीसायकलिंगची टोपली तो मला उचलूच द्यायचा नाही, थंडीत तू कशाला जातेस म्हणायचा. मला वाटायचं, बिचारा, नोकरी नाही म्हणून घरातलं काम करतोय. तो दिवसभर तुमच्याबरोबर घरी. तुम्ही लायब्ररीत गेलात की एकटा. एकदा फ्रीज उघडून तुम्ही विचारलंत, "ॲपल ज्यूस कोण पितं आपल्याकडे?" तो लॅपटॉपवरून मान न काढता म्हणाला, "मी पितो बाबा. व्हिटॅमिन असतं." तुम्ही फ्रीजचं दार जरा जास्तच वेळ उघडं धरून उभे होतात. मला तुमचाच राग आला. म्हटलं, आता जावयाच्या ज्यूसचाही नमुना काढणार का? माझा सगळा संशय ऑफिसवर खर्च होत होता. मॅनेजरनं मीटिंगला बोलावलं नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. मॅनेजरनं मीटिंगला बोलावलं, नक्की कुठेतरी पाणी मुरतंय.

फेब्रुवारीत माझ्या अर्जाचा पहिला टप्पा मंजूर झाला. पुढच्या कागदावर मॅनेजरची सही हवी होती. तो स्वतःच म्हणाला, घरी जेवायला बोलाव, माझी बायको तुझ्या वडिलांना भेटायचं म्हणतेय, आणि ती बाटली उघडू, ग्रीन कार्डापर्यंत कोण थांबणार. मी मार्चमधला एक शनिवार ठरवला. घरी सांगितलं तेव्हा तुमचा जावई म्हणाला, "एवढ्यात कशाला? दुकानदार म्हणाला होता ना, चार वर्षं ठेवा." मी म्हटलं, ज्यानं दिली तोच म्हणतोय. गुरुवारी तुम्ही भाजी निवडताना विचारलंत, "ती बाटली त्या दिवशी उघडायलाच हवी का गं?" मी फाडकन बोलले, "बाबा, प्लीज. तुमची तत्त्वं सांगलीला. इथे मला नोकरी टिकवायचीय." तुम्ही मेथीच्या काड्या गोळा केल्यात आणि उठलात. तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही ती बाटली रोज उजेडात धरत होतात, तुम्हाला कळल्यावाचून कसं राहील?

शनिवारी मी भरली वांगी, मसालेभात आणि श्रीखंड केलं. मॅनेजर आणि त्याची बायको आले, साठीतली माणसं, दारातच बूट काढून ठेवले. जेवायच्या आधी त्यानं मला बाटली आणायला सांगितली आणि ती हातात धरून छोटंसं भाषणच केलं. म्हणाला, आम्ही लग्नानंतर त्या गावात गेलो होतो, तेव्हापासून ही पांढरी मिळेल तेव्हा घेऊन ठेवतो, आणि ती ज्याला त्याला देत नाही. गेल्या वर्षी आमच्या एका बॅचच्या कागदांवर पाच जणांनी सह्या केल्या होत्या. तुमच्या मुलीनं केली नाही. एक आकडा तिला पटेना. तिचा संशय खरा निघाला आणि आम्ही मोठ्या संकटातून वाचलो. मग तो तुमच्याकडे वळून म्हणाला, "सर, शी सेज शी गॉट इट फ्रॉम यू." मी तुम्हाला मराठीत सांगायला लागले, पण तुम्हाला समजलं होतं. तुमची मान खाली होती. माझा जीव भांड्यात पडला, लेऑफ नाही, काही नाही, गिफ्ट हे नुसतं गिफ्टच होतं. बाबा, त्या एका मिनिटात मी तुमच्याकडे किती अभिमानानं पाहिलं असेल! त्या मिनिटात तुम्ही वर बघायला हवं होतं.

मग त्यानं वरचं पत्र्याचं टोपण कापायला सुरी मागितली, तर टोपण हातात अख्खंच आलं. बूच फार सहज निघालं. त्यानं ते उलटसुलट करून बघितलं, त्याला आधीचंच भोक होतं. मग ग्लासात ओतली. रंग छान सोनेरी. कडेला बारीक बुडबुडे. त्यानं वास घेतला, घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. त्याच्या बायकोनं घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. मी घोट घेतला. ॲपल ज्यूस, जरा आंबलेला. मी तुमच्या जावयाकडे बघितलं. तो वांग्याचं देठ काढत होता, फार काळजीपूर्वक.

आणि तुम्ही उभे राहिलात. स्वेटरचं खालचं बटण लावलंत, कोर्टात साक्षीला जाताना कोटाचं लावायचात तसं, आणि तुमच्या त्या ऑफिसच्या इंग्रजीत म्हणालात, "सर, आय ॲम सॉरी. आय ड्रँक इट. ओल्ड मॅन, कोल्ड कंट्री. देन आय पुट ज्यूस." मॅनेजरनं खुर्ची मागे सारली. मग उठून त्यानं तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आय होप यू एन्जॉइड इट, सर." तुम्ही म्हणालात, "व्हेरी गुड. व्हेरी स्वीट." त्याच्या भुवया जराशा वर गेल्या. ती वाइन मुळीच गोड नसते हे मला पुढे समजलं, त्याला तेव्हाच माहीत होतं. त्यानं एकदाच, अगदी ओझरतं, तुमच्या जावयाकडे पाहिलं आणि श्रीखंडाचं कौतुक सुरू केलं.

मला ते गोड-बिड काही कळायची गरज नव्हती. तुमच्या उजव्या मनगटातली ताकद आई गेली त्याच वर्षी गेली होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण तुमच्यानं फिरत नव्हतं, नळ घट्ट बंद केला तर तुम्ही मला हाक मारत होतात. त्या हातानं बूच काढलं? बुचात घुसवून ते ओढायचं यंत्र घरात कुठल्या खणात आहे हेसुद्धा तुम्हाला माहीत नव्हतं. मला त्याच सेकंदाला सगळं कळलं, बाबा. मी पुढे काय केलं ते तुम्ही ऐकलंत. मी उभी राहिले आणि इंग्रजीत, मॅनेजरला नीट कळावं म्हणून इंग्रजीत, म्हटलं, "बाबा, हाउ कुड यू? आय ॲम सो अशेम्ड." तुम्ही मान हलवलीत. आणि तुमचा जावई, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही, तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे ना गं. इट्स ओके, बाबा." त्यानं तुम्हाला माफ केलं! तुम्ही त्याचा हात तसाच राहू दिलात.

तुम्ही तिकीट महिनाभर आधीचं करून घेतलंत. इथली थंडी मानवत नाही म्हणालात. मी एकदाही राहा म्हटलं नाही. नेवार्कला सिक्युरिटीच्या रांगेआधी तुम्ही मला बाजूला घेतलंत आणि हळूच म्हणालात, "त्याला टाकून बोलू नकोस. नोकरी लागली की सुटेल." मी म्हटलं, "काय सुटेल?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, दुधाच्या पातेल्यापाशी पाहिलं होतंत तसंच, आणि मी डोळे मोठे करून उभी, जशी काही मला कशाचा पत्ताच नाही. मग तुम्ही पासपोर्ट शर्टाच्या खिशात आहे ना ते चाचपलंत आणि रांगेत गेलात. पुढच्या वर्षी जूनमध्ये सकाळी दाढी करता करता तुम्ही गेलात. माझे कागद अडकलेले, देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. दादानं सगळं केलं. मी फोनवर ऐकलं.

नोकरी त्याला लागली. सुटलं का, ते तुम्हाला सांगायला मला आवडलं असतं. कधी सुटतं, कधी नाही. मी आजही जेवताना त्याच्या ग्लासाचा वास घेते, मग पाणी पिते, मग हसते. गाडीची डिकीसुद्धा बघते. तो मला संशयी म्हणतो आणि चारचौघांत सांगतो, सासऱ्यांवर गेलीय. सासऱ्यांचा किस्साही सांगतो. दोन हजार सहाच्या दिवाळीत मंडळाच्या पॉटलकला पिस्कॅटवेच्या एका हॉलमध्ये त्यानं तो पहिल्यांदा सांगितला. लाल वाइनच्या गावची ती दुर्मिळ पांढरी, साहेब जेवायला आलेले, आणि आमचे दारूबंदीवाले सासरे उभे राहून म्हणतात, कोल्ड कंट्री! लोक पोट धरून हसले. एक काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अगं बाई, तुझे बाबा म्हणजे भारीच की!" मी पण हसले. दोन हजार आठपर्यंत तो किस्सा इतका घासूनपुसून झाला होता की मधली वाक्यं मीच पुरवायची. दादाच्या कानावर गेला. त्यानं फोनवर विचारलं, "बाबांनी तिकडे खरंच घेतली होती?" मी म्हटलं, "जाऊ दे रे, एकटे पडले होते." तुमच्या त्या एका खोट्याला मी इतकी वर्षं पाणी घालत आलेय, आणि ते अजून पुरतंय.

दोष त्याला देऊन मोकळं होता आलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. तुम्ही माझा संसार आणि माझा व्हिसा वाचवलात, ठीक. पण तुम्ही मला दार उघडं ठेवलं होतंत. त्याच रात्री, पाहुणे गेल्यावर, किंवा विमानतळावर, किंवा तुम्ही गेल्यावर एकदा तरी, मी म्हणू शकले असते की माझे वडील खोटं बोलले. मला तुमच्यावर संशय घेणं सोपं पडलं, बाबा. तुम्ही तर जाणारच होतात. त्याच्यावर घेतला असता तर मला त्याच्याबरोबर राहावं लागलं असतं.

हे मी ऑफिसात बसून लिहितेय. घरी कागद राहिला की कुणाच्या तरी हाती लागतो. लिहून झालं की खालच्या मजल्यावर कागदाच्या चिंध्या करणारं श्रेडर आहे. गेल्या मंगळवारी आम्ही तुमच्या नातीला नव्या डॉक्टरकडे घेऊन गेलो होतो. तुम्ही तिला पाहिलं नाहीत, ती तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी झाली. कॉलेजला आहे. वेटिंग रूममध्ये मांडीवर फॉर्म घेऊन ती एकेक चौकट भरत होती. डायबेटिस, ब्लड प्रेशर, हार्ट. मग म्हणाली, "एनी फॅमिली हिस्ट्री ऑफ अल्कोहोल, आई?" तो माझ्या शेजारच्या खुर्चीत होता. मासिकाचं पान उलटायचं थांबलं. तिनंच मान वर करून विचारलं, "आजोबा, राइट?"

मी म्हटलं, "हो. आजोबा."